पार्किन्सन्सचा व्यायाम आणि व्हर्च्युअल रिॲलिटी : सुरुवात कुठून करायची?

पार्किन्सन्सचं निदान झालं की डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि उठता उठता सांगतात, "व्यायाम मात्र सोडू नका." गोळ्या वेळेवर घेतल्या जातात. व्यायाम थोड्याच दिवसांत मागे पडतो. घरचे म्हणतात, आळस करतात. पण तो आळस नसतो. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडलं की हातापायांच्या हालचाली मंदावतात आणि काही करावंसं वाटण्याची उमेदही कमी होते. ते आजाराचंच लक्षण आहे. त्यात पडण्याची भीती आणि रोज त्याच त्या हालचालींचा कंटाळा यांची भर पडते.

व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे व्हीआर, या ठिकाणी कामाला येते. समोर काहीतरी घडत असतं, हात लांबवला की फळ तोडलं जातं, पाऊल उचललं की ओढा ओलांडला जातो, आणि आपण कसं केलं ते लगेच दिसतं. पार्किन्सन्सच्या मंडळींमध्ये पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. नाशिकमधल्या ज्या शुभार्थींनी आणि शुभंकरांनी व्हीआरबद्दल नुसतं ऐकलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: डोळ्यांवर चढवायचा हेडसेट ही शेवटची पायरी आहे. सुरुवात फरशीवरच्या चिकटपट्टीपासून करायची, मग टीव्हीचा पडदा, आणि हेडसेट जमला तर त्यानंतर.

व्हीआर म्हणजे फक्त हेडसेट नव्हे

व्हीआर दोन तऱ्हेचं असतं. एकात समोर मोठा पडदा असतो, कॅमेरा तुमची हालचाल टिपतो आणि पडद्यावर तुमची पावलं किंवा तुमची आकृती तशीच हलते. दुसऱ्यात डोळ्यांवर हेडसेट असतो. खोली दिसेनाशी होते आणि चारही बाजूंना वेगळंच जग उभं राहतं.

पडद्याच्या बाजूने मी का बोलते, त्याला कारण आहे. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. बेल्जियम, इस्राएल, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन या पाच देशांतले, ६० ते ९० वयाचे ३०२ जण त्यात होते. सगळे आधी पडलेले, आणि त्यांत पार्किन्सन्सचे बरेच. एक गट नुसता ट्रेडमिलवर चालला. दुसरा गट ट्रेडमिलवर चालताना समोरच्या पडद्यावर स्वतःची पावलं पाहत, वाटेतले अडथळे ओलांडत, रस्ता निवडत चालला. आठवड्यातून ३ दिवस, ६ आठवडे. पुढच्या ६ महिन्यांत पडद्यावाल्या गटाचं पडणं जवळजवळ निम्म्यावर आलं. नुसतं चालणाऱ्यांमध्ये तेवढा फरक पडला नाही. यातल्या कुणाच्याही डोळ्यांवर हेडसेट नव्हता.

व्हीआरने पार्किन्सन्स बरा होतो, असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नका. कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे तपासणारी संस्था. तिच्या २०१६ सालच्याच आढाव्यात तेव्हापर्यंतचे ८ प्रयोग एकत्र तपासले गेले. त्यात निघालं ते इतकंच, की पावलाची लांबी व्हीआरने साध्या फिजिओथेरपीपेक्षा थोडी जास्त सुधारू शकते आणि तोल व चाल यांत दोन्ही साधारण सारखेच. प्रयोग लहान होते, पुरावा कच्चा होता. म्हणजे फिजिओथेरपी सोडून व्हीआर नाही. फिजिओथेरपी टिकून राहावी म्हणून व्हीआर.

हे चालतं कसं

चालताना आपण प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. मेंदूच्या आत खोलवर असलेली बेसल गँग्लिया नावाची यंत्रणा ते काम परस्पर करते. पार्किन्सन्समध्ये तीच अडखळते. पाऊल लहान पडतं, आणि चालणाऱ्याला वाटतं आपण नेहमीसारखेच चालतोय. पण बाहेरून खूण मिळाली, डोळ्यांना रेघ दिसली किंवा कानाला ठेका ऐकू आला, की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. म्हणूनच सपाट मोकळ्या फरशीवर ज्यांचे पाय जमिनीला चिकटतात, म्हणजे चालता चालता पाऊल उचलतच नाही, ते जिन्याच्या पायऱ्या मात्र भराभर चढताना दिसतात. घरच्यांना हे ढोंग वाटतं. ढोंग नाही ते. पायरी हीच खूण असते. पडद्यावरचा खेळ अशा खुणा एकामागून एक देत राहतो.

दुसरा फायदा दोन कामं एकत्र करण्याचा. चालता चालता बोलणं, हातात पिशवी घेऊन गर्दीतून वाट काढणं, हे पार्किन्सन्समध्ये अवघड होतं आणि माणूस बहुतेकदा तेव्हाच पडतो. खेळात याचा सराव होतो, आणि चुकलं तरी लागत नाही.

पहिली पायरी : न्यूरॉलॉजिस्टना विचारा

"व्हीआर करू का?" एवढंच विचारलंत तर उत्तर "करा की" असंच येईल. नेमकं विचारा.

रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर उभ्याने व्यायाम सुरू करण्याआधी त्यावर उपाय हवा. पार्किन्सन्समध्ये हे सर्रास आढळतं आणि गोळ्यांमुळे वाढूही शकतं.

भास होतात का, हे संकोच न करता सांगा. खोलीत नसलेली माणसं किंवा प्राणी दिसणं हे आजारामुळे होतं, काही औषधांमुळेही होतं. ज्यांना भास होतात किंवा संध्याकाळी गोंधळायला होतं, त्यांनी हेडसेट घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी पडदा पुरेसा आहे. फिट येण्याचा इतिहास असेल, चक्कर येत असेल, डोळ्यांचं काही दुखणं असेल, तेही बोला.

मेंदूत डीबीएस (मेंदूला विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र) बसवलेलं असेल किंवा छातीत पेसमेकर असेल, तर हेडसेटच्या खोक्यातली सूचनापत्रिकाच डॉक्टरांना दाखवा. काही हेडसेट आणि त्यांच्या कंट्रोलरमध्ये चुंबक असतात आणि ते रेडिओलहरी सोडतात. अशा उपकरणांपासून ते लांब ठेवा, असं कंपन्याच लिहितात.

आणखी एक. खाजकुयलीचं चूर्ण घेत असाल तर ते लपवू नका. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं तो पदार्थ, नैसर्गिकरीत्या असतो. पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीतही तोच असतो. दोन्हीची बेरीज झाली तर शरीर आपोआप वळवळणं, रक्तदाब उतरणं, भास होणं असे त्रास वाढू शकतात. मग व्यायामाच्या वेळी काय बिघडलं, याचा कुणालाच उलगडा होत नाही.

दुसरी पायरी : फिजिओकडून आजची मोजणी

शहरात मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्थेचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे आणि गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिक रोड असे सगळीकडे दवाखाने आहेत. व्हीआरचं यंत्र कुणाकडे आहे हे नंतर बघू. आधी विचारायचं ते हे: पार्किन्सन्सचे पेशंट तुम्ही नेहमी बघता का? मान, गुडघे, कंबर बघणारा उत्तम फिजिओ पाय चिकटण्यावर काय करायचं हे जाणत असेलच असं नाही.

त्यांच्याकडून एक चाचणी करून घ्या. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. ती घरीही करता येते. दर महिन्याला त्याच खुर्चीवर, गोळीनंतर तेवढ्याच वेळाने करा. वळताना किती पावलं घेतली तेही लिहा, कारण पार्किन्सन्समध्ये सरळ चालण्यापेक्षा वळताना जास्त घात होतो.

तिसरी पायरी : वेळ आणि जागा

व्यायाम 'ऑन' वेळेतच, म्हणजे गोळीचा असर चालू असताना. बऱ्याच जणांना लेव्होडोपा घेतल्यावर पाऊण-एक तासाने ती वेळ येते, पण प्रत्येकाचं घड्याळ वेगळं असतं. आधी आठवडाभर नोंद ठेवा: गोळी किती वाजता घेतली, मोकळं कधी वाटायला लागलं, पुन्हा कधी जखडलं. उसळ, अंडी, पनीर अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर गोळी घेतली तर काहींना तिचा असर उशिरा येतो. म्हणून साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते पाळा. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली पहाट सगळ्यांनाच आखडवते, तेव्हा त्या दिवसांत पहाटे उठून व्यायामाचा हट्ट नको. ऊन वर आल्यावर करा.

जागा निदान २ मीटर लांब, २ मीटर रुंद, पूर्ण मोकळी. सतरंजी, पायपुसणं, टीपॉय, चार्जरची वायर, सगळं बाहेर. उजेड भरपूर. जिन्याच्या तोंडाशी किंवा गॅलरीच्या दाराजवळ उभं राहायचं नाही. हातांची मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून मागे ठेवा. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको, ती माणसाबरोबर उलटते. पायांत स्लिपर नको, नुसते मोजेही नकोत. मागून बंद, घट्ट बसणारे बूट घाला. आणि उंबरठा बघा. जुन्या नाशिकच्या घरांत तो चांगला उंच असतो. दारात, चिंचोळ्या जागेत पाय चिकटण्याचं प्रमाण तसंही जास्त, त्यात उंबरठा म्हणजे दुहेरी धोका. आमच्याकडे सासऱ्यांसाठी उंबरठ्यावर लाल पट्टी लावली आहे आणि चौकटीला हाताशी दांडी बसवून घेतली आहे. दुकानात कुठलंही यंत्र बघायला जाण्याआधी ही दोन कामं करा.

चौथी पायरी : यंत्राशिवाय

निदान २-३ आठवडे यंत्र नकोच. फरशीच्या रंगाहून वेगळी उठून दिसेल अशी चिकटपट्टी चालण्याच्या दिशेला आडवी लावा, ओळीने ७-८ पट्ट्या. दोन पट्ट्यांमधलं अंतर फिजिओ उंचीप्रमाणे ठरवून देतील. मग प्रत्येक पट्टी ओलांडत चालायचं, टाच आधी टेकवायची, हात मोकळे झुलवायचे. खडू पुसला जातो आणि रांगोळीवरून पाय घसरतो, म्हणून पट्टीच.

ठेक्यासाठी मोबाइलवर मेट्रोनोम मिळतो, पण मला टाळांचा ठेका जास्त आवडतो. ज्यांनी आयुष्यात कधी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून चार पावलं टाकली आहेत, त्यांच्या पायांना 'ज्ञानोबा-तुकाराम'ची लय आधीच ठाऊक असते. लय नेहमीच्या चालीइतकी किंवा किंचित जलद ठेवा. फार जलद लावली की पावलं लहान होऊन माणूस पुढे ढकलला जातो.

याच्या जोडीला खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेणं, आणि एका जागी गर्रकन न वळता छोटा अर्धगोल घेऊन वळणं. आकडे मोठ्याने मोजायचे, शेजारच्या खोलीत ऐकू जातील इतके. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होतो, त्याचाही व्यायाम होऊन जातो.

पाचवी पायरी : पडदा

कमी धोक्याची आणि माझ्या मते सगळ्यात फायद्याची वाट म्हणजे घरात एका जागी बसणारी व्यायामाची सायकल आणि समोर टीव्ही. नेदरलँड्समध्ये १३० पार्किन्सन्सच्या लोकांवर झालेला प्रयोग २०१९ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आला. एका गटाने घरीच, पडद्यावरच्या खेळाला जोडलेली सायकल आठवड्यातून ३ वेळा ३०-४५ मिनिटं चालवली. दुसऱ्या गटाने अंग ताणण्याचे व्यायाम केले. ६ महिन्यांनंतर गोळीचा असर नसतानाची हालचाल तपासली, तेव्हा सायकलवाल्यांची कमी ढासळली होती. आपल्याकडे तशी जोडलेली सायकल नसली तरी समोर यूट्यूबवर एखाद्या घाटरस्त्याचा सायकलवरून घेतलेला व्हिडिओ लावता येतो. वाक्य पूर्ण बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला पाहिजे. नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. पार्किन्सन्समध्ये आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे तो फसवतो. सायकलवर चढता-उतरताना शुभंकर शेजारी हवाच.

उभ्याने खेळायचं तर कॅमेऱ्यावर चालणारे खेळ घ्या. एक्सबॉक्स या खेळयंत्राचा किनेक्ट नावाचा कॅमेरा यासाठी जगभर वापरला गेला. त्याचं उत्पादन २०१७ साली बंद झालं, तरी जुना, वापरलेला मिळतो. घ्यायचा झाल्यास कुणाकडे तरी चालू स्थितीत बघूनच घ्या. उभं राहायची फळी असलेले खेळ घरी नकोत, त्या फळीवरून मागे पाऊल टाकताना तोल जातो.

खेळ निवडताना नातवंडांची आवड बाजूला ठेवा. हात लांब नेऊन वस्तू घेणं, बाजूला पाऊल टाकणं, भार डावीकडे-उजवीकडे नेणं, हे असलेले खेळ बरे. उडी, झटकन मागे सरकणं, गर्रकन वळणं असलेले वगळा. ब्राझीलमध्ये २०१२ साली पार्किन्सन्सच्या लोकांना पडद्यावरचे १० खेळ शिकवून पाहिले होते. ७ खेळ ते त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांसारखेच शिकले, ३ मात्र जमले नाहीत, कारण त्यांत भराभर निर्णय घ्यायचे होते. तेव्हा एखादा खेळ जमत नसेल तर खेळ बदला. "लक्ष द्या ना जरा" असं म्हणू नका.

पहिल्या आठवड्यात १० मिनिटं, मधे बसून. पुढे हळूहळू २०-३०.

सहावी पायरी : हेडसेट, हवाच असेल तर

पडद्यावर महिनाभर न पडता, न घाबरता जमलं, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतः शुभार्थीला हवासा वाटला, तरच. मॉलमधल्या गेमझोनमध्ये पाळण्यासारखी राइड असते, तिथे 'करून बघू' म्हणून नेऊ नका. डोळे सांगतात शरीर पळतंय, कान आतून सांगतो बसलंय. या भांडणातून मळमळ आणि चक्कर येते, आणि पार्किन्सन्सच्या माणसाला त्यातून सावरायला वेळ लागतो.

पहिली वेळ बसून, हातांच्या खुर्चीत, ५ मिनिटं. हेडसेट शुभंकराने चढवायचा, पट्टे त्यानेच घट्ट करायचे. चष्मा आत मावतो का ते आधी बघा. बिनवायरचा हेडसेट बरा. बहुतेक नव्या हेडसेटमध्ये बाहेरची खरी खोली कॅमेऱ्यातून दिसण्याची सोय असते. सुरुवात त्यावरच करा, म्हणजे आपण कुठे आहोत याचा विसर पडत नाही. खेळ असा घ्या, ज्यात तुम्ही स्थिर आहात आणि वस्तू तुमच्याकडे येतात. कंपामुळे कंट्रोलरची बारीक बटणं दाबली जात नसतील तर नुसत्या हातांनी खेळता येणारे खेळ असतात. आतलं चित्र टीव्हीवर किंवा मोबाइलवर दिसेल असं जोडून घ्या, नाहीतर शुभार्थी कशाला घाबरला ते शुभंकराला कळत नाही.

बसून जमल्यावर उभं, तेही फिजिओच्या देखरेखीखाली. शुभंकराने कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं. कमरेला धरायचा पट्टा बांधलेला असावा. हात धरून ओढायचं नाही. मोबाइल खिशात, बंद. एका वेळी १५ मिनिटांपुढे मी तरी जाणार नाही. हेडसेट काढल्यावर १० मिनिटं बसून राहायचं, पाणी प्यायचं. लगेच जिना नाही, लगेच स्कूटर तर अजिबात नाही.

पाय चिकटले तर

खेळ तिथेच थांबवा, हेडसेट असेल तर काढा. पुढे ओढू नका आणि मागून ढकलू नका, दोन्हीने माणूस तोंडावर पडतो. आधी ताठ उभं राहून एक श्वास. मग भार डाव्या-उजव्या पायावर दोन-तीनदा हलवायचा. शुभंकराने आपलं पाऊल त्यांच्या पावलासमोर आडवं ठेवायचं आणि "हे ओलांडा" म्हणायचं. "एक, दोन, तीन" वर मोठं पाऊल. घाई करणारा आवाज आला की चिकटणं वाढतं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना हे एकदा समजावून ठेवा.

बाहेरच्या रस्त्यावर

पडद्यावर ओलांडलेला ओढा खऱ्या रस्त्यावर उपयोगी पडला नाही तर त्या खेळाचं काय करायचं? म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस बाहेर चाला. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक किंवा गोल्फ क्लब मैदान, गर्दी ओसरल्यावर. खेळात जसा अडथळा आधी हेरून मोठं पाऊल टाकलं, तसंच इथे गतिरोधकापाशी करायचं. हे जमायला लागलं की ओळखीच्या दुकानापर्यंत, हातात हलकी पिशवी घेऊन. गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, जावंसं वाटणं साहजिक आहे, पण रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या सरावाची जागा नव्हे. तिथे दर्शनाला जा, कुणाचा तरी हात धरून.

एकट्याने टिकत नसेल तर गट शोधा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून बरंच काम करतं, आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी मदतगट चालवते. आपल्या भागात चार शुभार्थी असतील तर एकाच्या दिवाणखान्यात एक पडदा पुरतो, आणि घरी उठायला तयार नसलेला माणूस चारचौघांत उठतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वहीत रोज एक ओळ लिहा: गोळीची वेळ, काय केलं, किती मिनिटं, पडले का, पडता पडता वाचले का. ६ आठवड्यांनी ती वही आणि ३ मीटरच्या चाचणीचे आकडे घेऊन फिजिओकडे जा. सेकंद कमी झाले असतील तर खेळ थोडा अवघड करून घ्या. तेवढेच असतील, पण पडता पडता वाचण्याच्या नोंदी कमी झाल्या असतील, तर तसंच चालू ठेवा. नोंदी वाढल्या असतील, चक्कर किंवा नवे भास लिहिले गेले असतील, तर यंत्र बंद करा आणि आधी न्यूरॉलॉजिस्टना भेटा. गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागेल का, ते तेच ठरवतील.